इंटरनेट कॉलिंग: कोडेक बदलण्याआधी या चुका टाळा

आवाज तुटतोय? फोनचा कोडेक (आवाज डेटात बांधायची पद्धत) टाक जी.७२९ वर! इंटरनेट फोन बसवण्याच्या आमच्या धंद्यात हे औषध सर्रास दिलं जातं. एक क्लिक, बिल हातात, मंडळी पसार.

मुळात हिशेबच चुकतो. जी.७११ या दुसऱ्या कोडेकला ६४ केबीपीएस (सेकंदाला हजार बिट) आणि जी.७२९ ला ८, म्हणजे आठपट बचत, असं छातीठोकपणे सांगतात. पण २० मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये जी.७२९ चा आवाज असतो २० बाइट आणि आयपी, यूडीपी, आरटीपीचे हेडर (पॅकेटवरच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या) ४० बाइट. दाण्यापेक्षा टरफलंच जड. इथरनेट धरून एका कॉलला एका दिशेने साधारण ३१ केबीपीएस जातात, जी.७११ ला ८७. दहा कॉल एकदम चालू असले तरी वाचले साडेपाचशे केबीपीएस. ५० एमबीपीएसच्या फायबरवर ते वाचवून करायचं काय?

नाशिककडच्या एका पतसंस्थेत दुपार झाली की 'हॅलो, येतंय का ऐकू?' सुरू व्हायचं. आधीच्या माणसाने सगळे फोन जी.७२९ वर टाकलेले. तुटणं तसंच, वर नवं दुखणं: कस्टमर केअरला फोन लावून कितीही बटणं दाबा, पलीकडे आकडा पोचेना. हा कोडेक माणसाच्या बोलण्यावर बेतलेला. बटणांचे सूर त्यातून धड जात नाहीत, आणि सेटिंग मात्र सूर आवाजातूनच पाठवायची. आकडे आरएफसी ४७३३ या पद्धतीने आवाजापासून वेगळे पाठवले, ते मिटलं. मेनूत बहुधा जुना २८३३ हाच नंबर दिसतो.

तुटण्याचं कारण निराळंच होतं. दुपारी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढायचं, अपलोड गच्च, आणि आवाजाची पॅकेट रांगेत ताटकळत. मॅनेजरसाहेब मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवत होते, तेही फक्त डाउनलोडचा आकडा! राउटरमध्ये अपलोडला मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर लगाम घातला, म्हणजे रांग इंटरनेट कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि आवाजाला पुढे काढता येतं. मग फोन परत जी.७११ वर.

तेव्हापासून नव्हे, आधीपासूनच माझा नेम आहे: एक मोठी फाइल अपलोडला लावायची आणि पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) बघायचा. दहा मिलिसेकंदांचा तीनशे झाला, तर कोडेकला हात लावायचा नाही. यूट्यूब बघून आलेल्या पोरांना एवढाही धीर नसतो.

ओपस उत्तम कोडेक आहे, पॅकेट गळाली तरी बऱ्यापैकी सावरतो. पण ट्रंक (फोन कंपनीकडे जाणारी लाइन) जी.७११ चा असेल तर बाहेरच्या कॉलला त्याचा गोडवा मिळत नाही, सर्व्हर उगाच रूपांतर करत बसतो. ऑफिसच्या आतल्या कॉलना खुशाल वापरा.

हेडर वाचवायला ६० मिलिसेकंदांची पॅकेट करू नका. एक हरवलं की अक्षरच गायब.

जी.७११ चे दोन प्रकार: भारतात ए-लॉ. म्यू-लॉ अमेरिका-जपानला.

राउटरमध्ये एसआयपी एएलजी (कॉल जोडणाऱ्या संदेशांत फेरफार करणारी सोय) दिसलं की बंद करा. का, ते नंतर विचारा.