डिसेंबरमधील न्याहारीची सभा: शिकागो परिसरात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

नोकरीनिमित्त शिकागोच्या उपनगरांत नव्याने आलेली मराठी कुटुंबे पहिल्या हिवाळ्यात माणसे शोधतात ती कार्यालयात आणि महाराष्ट्र मंडळात. दोन्ही ठिकाणे हवीतच. परंतु ज्या गावात आपण घर घेतो, मुलांना शाळेत घालतो आणि कर भरतो, त्या गावातील शिक्षक, दुकानदार, दंतवैद्य किंवा अग्निशमन दलाचे प्रमुख तिथे भेटत नाहीत. रोटरी, किवानिस, लायन्स यांसारख्या सेवासंस्थांच्या आठवड्याच्या सभेत ती सारी एका टेबलाभोवती बसलेली सापडतात. या सभेला पहिल्यांदा जायचे असेल, तर नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण आणि ख्रिसमस यांच्या मधल्या आठवड्यांत जावे, असे मी नव्याने आलेल्यांना आवर्जून सांगतो. एरवी या सभांमध्ये बोलणे जास्त असते. डिसेंबरमध्ये काम डोळ्यांना दिसते आणि कामाला माणसे कमी पडत असतात, त्यामुळे नवखा माणूस कोणालाच परका वाटत नाही.

रोटरी आणि लायन्स ही नावे आपल्याला नवी नाहीत. रक्तदान शिबिरे, मोतीबिंदूची शिबिरे आणि चौकाचौकांतील फलक यांमुळे महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांनाही ती परिचित आहेत. शिकागोत मात्र आपण रोटरीच्या जन्मस्थानी आलेले असतो. 23 फेब्रुवारी 1905 रोजी पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांसह डिअरबॉर्न स्ट्रीटवरील एका कार्यालयात पहिली सभा घेतली. हॅरिस स्वतः व्हर्मांटमधील वॉलिंगफर्ड या लहान गावात वाढलेले होते. 1896 पासून शिकागोत वकिली करताना त्यांना गावाकडील ओळखीपाळखीची उणीव भासत होती, आणि या उपक्रमामागे तीच ओढ होती. सभासदांच्या कार्यालयांत पाळीपाळीने (‘रोटेशन’ने) सभा होत, त्यावरून संस्थेला नाव मिळाले. आज तिचे मुख्यालय शिकागोला लागूनच, एव्हन्स्टन येथे आहे. किवानिसची स्थापना 1915 मध्ये डेट्रॉइटला झाली आणि लायन्सची 1917 मध्ये शिकागोतच. पुढील मजकूर मुख्यतः रोटरीच्या सभेविषयी आहे, तरी इतर दोन संस्थांमध्येही थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

आपल्याकडे अशा संस्थांच्या सभा बहुधा संध्याकाळी होतात आणि जेवणाने संपतात. येथे दुपारच्या जेवणाच्या वेळी भरणारे क्लब आहेत, तसेच सकाळी सातच्या सुमारास भरणारेही आहेत. नोकरदारांना सकाळचा क्लब सोयीचा, कारण सभा तासाभरात संपते आणि सर्वजण तिथूनच कामावर जातात. डिसेंबरात येथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे घरून अंधारातच निघावे लागते. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडण्यासाठी दहा मिनिटे हाताशी ठेवावीत. क्लबच्या संकेतस्थळावर सचिवांचा ईमेल पत्ता असतो. त्यांना दोन दिवस आधी कळवून पाहुणे म्हणून येत असल्याचे सांगावे आणि त्याच पत्रात तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. सभा त्या आठवड्यात नक्की आहे का, हे पहिले. कारण ख्रिसमस आणि नववर्षाच्या आठवड्यांत अनेक क्लब सभा रद्द करतात. पाहुण्याने न्याहारीचे पैसे द्यायचे असतात का, हे दुसरे. शाकाहारी खाणे मिळेल का, हे तिसरे. अंडी, बेकन, सॉसेज आणि बटाटे असा बेत बहुधा असतो. आधी सांगितल्यास ओटमील, फळे किंवा बेगल यांची व्यवस्था होते. पूर्ण शाकाहारी माणसाने घरून थोडे खाऊन निघालेले बरे.

सभेचा क्रम ठरलेला असतो. अध्यक्ष घंटा वाजवतात आणि सर्वजण उभे राहून ध्वजाला निष्ठेची शपथ म्हणतात. आपण अमेरिकेचे नागरिक नसल्यास ती म्हणण्याची अपेक्षा नसते. आदराने उभे राहणे पुरेसे आहे. काही क्लबांत त्यानंतर छोटी प्रार्थना किंवा एखादे गीत होते, तेव्हाही शांत उभे राहावे. मग पाहुण्यांची ओळख करून दिली जाते. नाव, व्यवसाय आणि राहण्याचे गाव एवढेच दोन वाक्यांत सांगावे. बायोडेटा सांगू नये. पुढे सूचना, वीसेक मिनिटांचे व्याख्यान आणि शेवटी पुष्कळ ठिकाणी चार प्रश्नांची कसोटी एकत्र म्हटली जाते: हे सत्य आहे का, सर्व संबंधितांना न्याय्य आहे का, त्यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का, ते सर्वांच्या हिताचे आहे का. हर्बर्ट टेलर यांनी 1932 मध्ये शिकागोतील एका डबघाईला आलेल्या कंपनीसाठी ही कसोटी लिहिली आणि 1943 मध्ये रोटरीने ती स्वीकारली. डिसेंबरमध्ये व्याख्यानाऐवजी एखाद्या शाळेचे गायनवृंद बोलावण्याचीही पद्धत आहे.

या क्रमात नवख्याला सर्वांत गोंधळात टाकणारा भाग म्हणजे ‘हॅपी डॉलर’. एक सभासद भांडे किंवा डबा घेऊन टेबलांमधून फिरतो. ज्याला काही आनंदाचे सांगायचे असेल त्याने उभे राहून ते सांगावे आणि डॉलर टाकावा. कोणाला नातू झालेला असतो, कोणाचा फुटबॉल संघ जिंकलेला असतो, कोणी केवळ सोडतीत हरल्याबद्दल डॉलर टाकून सर्वांना हसवतो. आपल्या संस्कारात स्वतःचा आनंद चारचौघांत उभे राहून सांगणे थोडे आगाऊपणाचे मानले जाते, म्हणून बरेच मराठी पाहुणे हात वर करत नाहीत. तो संकोच या एका ठिकाणी बाजूला ठेवावा, कारण टेबलावरची माणसे तुम्हाला लक्षात ठेवतील ती याच दोन वाक्यांमुळे. ड्रायव्हिंग लायसन्स मिळाले, मुलाने पहिल्यांदा बर्फ पाहिला, एवढेही पुष्कळ होते. खिशात एक-एक डॉलरच्या सुट्या नोटा ठेवाव्यात. सोडतीच्या तिकिटालाही त्या लागतात.

बोलायला विषय हवा असेल तर तो आपल्याकडे तयार आहे. रोटरीने 1985 मध्ये जगभर पोलिओ लसीकरणाची मोहीम हाती घेतली आणि आजही सभासद त्यासाठी वर्गणी देतात. भारतात 1995 मध्ये पल्स पोलिओ सुरू झाले, शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधील हावड्यात आढळला आणि मार्च 2014 मध्ये भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. बूथवर दोन थेंब पाजून करंगळीला शाईची खूण करत, हे ज्याने लहानपणी अनुभवले किंवा स्वतःच्या मुलांसाठी पाहिले, त्याने ते या सभेत जरूर सांगावे. ज्यांनी वर्षानुवर्षे त्यासाठी धनादेश दिले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो बूथ कधी पाहिलेला नसतो.

आता प्रत्यक्ष काम. सभेत एक कागद फिरतो आणि त्यावर सॅल्व्हेशन आर्मीच्या, देणगी गोळा करण्याच्या लाल किटलीजवळ घंटा वाजवण्याच्या पाळ्या लिहिलेल्या असतात. ही प्रथा 1891 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. सॅल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती संस्था आहे, म्हणून काहींना शंका येते; घंटा वाजवताना कोणताही उपदेश करावा लागत नाही, आणि जमलेले पैसे अन्न, निवारा अशा मदतीसाठी जातात, असे सांगूनही ज्याचे मन मानत नाही त्याने गरजूंसाठी अन्न साठवणाऱ्या फूड बँकेत डबे लावण्याचे काम घ्यावे. पाळी साधारण एक-दोन तासांची, किराणा दुकानाच्या दाराशी, उघड्यावर असते. आतून घालायचे उबदार थर्मल कपडे, लोकरी मोजे आणि जलरोधक बूट नसतील तर पाळी घेऊ नये. पैसे मागायचे नसतात. देणाऱ्याला आणि न देणाऱ्यालाही शुभेच्छा द्यायच्या असतात. किटलीला कुलूप असते आणि तिच्यात केवळ चिल्लरच पडते असे नाही: 1982 मध्ये याच परिसरातील क्रिस्टल लेक येथे कोणीतरी सोन्याचे नाणे टाकले होते, आणि नाव न सांगता तसे नाणे टाकण्याची रीत पुढे देशभर पसरली.

खेळणी आणि भेटवस्तू गोळा करण्याचे काम सोपे दिसते, तरी त्याचे नियम पाळावेत. 1947 पासून मरीन दलाच्या राखीव तुकड्या चालवत असलेल्या ‘टॉईज फॉर टॉट्स’ या गरजू मुलांना खेळणी देणाऱ्या मोहिमेसाठी खेळणे नवे असावे आणि गुंडाळलेले नसावे. काही ठिकाणी गरजू मुलांच्या मागण्यांच्या चिठ्ठ्या ख्रिसमसच्या झाडावर लावतात; अशा चिठ्ठीवर मुलाचे वय, कपड्यांचे माप आणि त्याची मागणी लिहिलेली असते. तिथे विशिष्ट बाहुली लिहिली असताना गणिताचे कोडे नेऊन देण्याचा आपला मध्यमवर्गीय मोह आवरावा.

व्हिसामुळे नोकरी करू न शकणाऱ्या जोडीदाराने तर या सभेचा विचार आधी करावा. पहिला हिवाळा अशा व्यक्तीला फार एकटा जातो, आणि खरोखर विनामोबदला, सेवाभावी काम करायला सहसा अडचण नसते. मात्र ज्या कामासाठी एरवी पगार दिला जातो ते फुकट करू नये, बदल्यात काही स्वीकारू नये, आणि शंका असल्यास वकिलाला विचारावे. सकाळची सभा शाळेच्या बसच्या वेळेशी जुळत नसेल तर दुपारचा क्लब शोधावा. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत अमेरिकेतील रोटरी क्लबांत स्त्रियांना अधिकृत सभासदत्व नव्हते. आज अनेक क्लबांच्या अध्यक्षपदी स्त्रिया असतात.

सभासदत्वाची घाई करू नये. वर्गणी वर्षाला काही शे डॉलर असते, न्याहारीचा खर्च अनेकदा वेगळा असतो, आणि ती वर्गणी करासाठी देणगी धरली जात नाही; देणगी द्यायची असल्यास धनादेश क्लबच्या धर्मादाय फाउंडेशनच्या नावाने काढावा. ओळख झाल्याबरोबर व्हिजिटिंग कार्डे वाटणारा पाहुणा कोणालाच आवडत नाही. डिसेंबरअखेरपर्यंत पुढील पदाधिकाऱ्यांची निवडणूक होते, पण त्यांचे वर्ष 1 जुलैला सुरू होते, त्यामुळे आता ऐकलेली नावे उन्हाळ्यात उपयोगी पडतील. जानेवारीत गर्दी ओसरते, थंडी वाढते आणि उपस्थिती कमी होते. त्या महिन्यातील दोन सभांना पुन्हा पाहुणे म्हणून जावे. कोणत्या समितीला माणसे हवी आहेत ते सचिव तेव्हा निवांतपणे सांगतात, आणि अर्ज त्यांच्याकडूनच मागून घ्यावा.