छातीतला कफ रोज काढण्याचा नेम कसा टिकवावा

क्षयरोग बरा झाल्यावर, लहानपणी वारंवार न्यूमोनिया होऊन गेल्यावर किंवा अन्य कारणाने काही माणसांच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. डॉक्टर या विकाराला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. निरोगी नलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केस असतात आणि ते कफ सतत घशाकडे ढकलत असतात. या विकारात ती व्यवस्था मोडते, कफ तळाशी साचतो, त्यात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते आणि सुजेमुळे नलिका आणखी बिघडून कफही वाढतो. हे चक्र केवळ गोळ्यांनी थांबत नाही, म्हणून साचलेला कफ रोज बाहेर काढावा लागतो. धूम्रपानाने किंवा वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्या आणि भरपूर कफ पडणाऱ्या रुग्णांनाही याचा उपयोग होतो. ज्यांचा खोकला कोरडा आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

पद्धत शिकण्यास एखादी दुपार पुरते, परंतु ती वर्षानुवर्षे चालू ठेवणे अवघड असते, कारण एक दिवस खाडा केला तरी काहीच बिघडलेले दिसत नाही. माझ्या वडिलांनी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या शेतावर भाताच्या सुगीत, वेळ नाही म्हणून, आठ-दहा दिवस हा नेम सोडला होता. तेव्हा त्यांना उलट बरेच वाटत होते. मळणी संपली, पाठोपाठ ताप आला आणि हिरवट बेडका पडू लागला, तेव्हा त्या दोन गोष्टींचा संबंध आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नाही.

म्हणून पहिले काम वेळ ठरवण्याचे. घड्याळातील आकडा ठरवण्यापेक्षा घरात रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला हा नेम जोडून द्यावा. रात्रभर साचलेला कफ सकाळी जास्त असतो, त्यामुळे तोंड धुऊन गरम चहा किंवा पाणी घेतल्यावर आणि न्याहारीच्या आधी बसणे उत्तम. पोट भरलेले असताना केल्यास उलटी होण्याची भीती असते. जेवणानंतर निदान दीड-दोन तास जाऊ द्यावेत. दुसरी वेळ संध्याकाळी, रात्रीच्या जेवणाआधी ठेवावी. अगदी झोपण्याच्या तोंडावर केल्यास पुढचा तासभर खोकला येत राहतो आणि झोप मोडते. सकाळी नळाला पाणी येण्याची धावपळ ज्या घरात असते, तिथे पाणी भरणारा माणूस आणि रुग्ण एकच असेल, तर ते काम दुसऱ्याकडे सोपवावे. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण नेम बहुधा अशाच ठिकाणी मोडतो.

औषधांचा क्रम चुकवू नये. श्वासनलिका मोकळी करणारा पंप किंवा नेब्युलायझरमधील (औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्रातील) औषध आधी घ्यावे आणि साधारण पंधरा मिनिटे थांबावे. डॉक्टरांनी तीव्र मिठाचे निर्जंतुक द्रावण, म्हणजे तीन किंवा सात टक्क्यांचे सलाइन, लिहून दिले असेल, तर ते त्यानंतर घ्यावे. त्याने घट्ट कफ सैल होतो, मात्र काहींची छाती आवळते, म्हणून त्याची पहिली मात्रा दवाखान्यातच घ्यावी. घरचे मीठ पाण्यात विरघळवून नेब्युलायझरमध्ये कधीही घालू नये. कफ काढून झाल्यावर स्टिरॉइडचा पंप किंवा श्वासातून घ्यायचे प्रतिजैविक घ्यावे, कारण तेव्हा औषध मोकळ्या झालेल्या नलिकांत नीट पोहोचते. पंप वापरला असेल तर शेवटी चूळ भरावी.

आता मुख्य क्रिया. पाठीला आधार देऊन ताठ बसावे, खांदे सैल सोडावेत आणि पोट हलके वर-खाली होईल असा संथ श्वास अर्धा-एक मिनिट घ्यावा. मग नाकाने तीन-चार खोल श्वास घ्यावेत, प्रत्येक श्वास सुमारे तीन सेकंद रोखावा आणि जोर न लावता सोडून द्यावा. रोखलेल्या श्वासाची हवा कफाच्या मागे शिरते व तो सुटा करते. पुन्हा थोडा वेळ संथ श्वास घ्यावा आणि त्यानंतर ‘हाऽ’ करावे. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर वाफ सोडताना तोंड उघडे व घसा मोकळा असतो. तसाच, पण पोटाचे स्नायू आत घेऊन, श्वास बाहेर टाकावा. आधी मध्यम श्वास घेऊन लांब ‘हाऽ’ केल्यास खोलवरचा कफ वर सरकतो. तो घशाजवळ आल्याची घरघर जाणवली की पूर्ण श्वास घेऊन आखूड, जोरकस ‘हाऽ’ करावे किंवा एकदाच खोकावे. एकामागून एक जोराने खोकत सुटणे ही सर्वांत मोठी चूक होय. त्याने नलिका मिटतात, कफ आत अडकतो, धाप लागते, आणि माणूस दुसऱ्या दिवशी बसायलाच तयार होत नाही. हे चक्र पुन्हापुन्हा करावे आणि सलग दोनदा ‘हाऽ’ केल्यावर आवाज कोरडा व स्वच्छ आला की थांबावे. बहुतेकांना दहा ते तीस मिनिटे लागतात. थकवा आला तर कफ शिल्लक असला तरी थांबावे.

पाठीवर थापटणे म्हणजेच कफ काढणे, असा समज आपल्या भागात पक्का आहे. प्रत्यक्षात सर्वांना त्याची गरज नसते. फिजिओथेरपिस्टने सांगितले असेल तरच, कपड्यावरून, तळहाताची ओंजळ करून थापटावे. कण्यावर, छातीच्या मधल्या हाडावर किंवा कमरेजवळ थापटू नये. हाडे ठिसूळ असणाऱ्यांना आणि बेडक्यातून रक्त पडणाऱ्यांना थापटू नये. कोणत्या कुशीवर झोपून क्रिया करायची, हे फुप्फुसाचा कोणता भाग खराब आहे त्यावर ठरते, म्हणून ते एकदा सीटी स्कॅन दाखवून समजून घ्यावे. डोके खाली व पाय वर ठेवण्याची जुनी पद्धत आम्लपित्त, हृदयविकार किंवा रक्तस्राव असणाऱ्यांनी टाळावी. फुंकताना छातीत कंप निर्माण करणारी छोटी उपकरणे मिळतात आणि ती चांगलीही आहेत, पण ती नसल्याने काही अडत नाही.

आमच्या भागातील हवामानाचा येथे वेगळा विचार करावा लागतो. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात वस्तू दिवसेंदिवस वाळत नाहीत, आणि ओल्या नळीत स्यूडोमोनससारखे जंतू आनंदाने वाढतात. नेब्युलायझरचे औषधाचे भांडे व तोंडात धरायचा भाग प्रत्येक वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुवावा, माहितीपत्रकात परवानगी असल्यास पाच मिनिटे उकळावा, पाणी झटकून स्वच्छ फडक्यावर पंख्याखाली पूर्ण कोरडा होऊ द्यावा आणि मगच डब्यात ठेवावा. सुगीतील भुसा, निपाणीकडील तंबाखूची धूळ, उसाचे पाचट जाळल्याचा व गुऱ्हाळाचा धूर यांपासून शक्य तितके दूर राहावे. ज्याचे पोटच त्या कामावर आहे त्याला हे सांगणे सोपे नाही याची मला जाणीव आहे, तरी अशा दिवसांत निदान संध्याकाळची वेळ चुकवू नये. वीज गेली म्हणून नेम मोडण्याचेही कारण नाही, कारण स्पेसर (पंपाला जोडायचे पोकळ नळकांडे) लावून पंप घेता येतो आणि श्वासाच्या क्रियेला वीज लागत नाही.

ज्या दिवशी लग्नकार्य, प्रवास किंवा केवळ कंटाळा आड येतो, त्या दिवशी पूर्ण क्रिया टाळण्याऐवजी पाच मिनिटांची दोन चक्रे करावीत. पाहुण्यांसमोर खाकरण्याची लाज विशेषतः बायकांना वाटते. घरातील एक खोली आणि झाकणाचा एक डबा त्यांच्यासाठी ठरवून दिला की हा प्रश्न बराचसा सुटतो. डब्यातील कफ शौचालयात टाकावा. उघड्यावर थुंकू नये आणि गिळूही नये, कारण रंग व प्रमाण पाहणे हाच रोजच्या तपासणीचा भाग आहे.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात सकाळ-संध्याकाळची खूण करावी आणि शेजारी कफाचा रंग एका शब्दात लिहावा. आमच्या घरी वडील मराठी वाचतात आणि नातवंडे शाळेत कन्नड शिकतात, त्यामुळे औषधांचा क्रम दोन्ही भाषांत लिहून कपाटावर चिकटवला आहे. दोन दिवसांहून अधिक काळ कफ वाढला, घट्ट झाला किंवा त्याचा रंग बदलला, तर क्रिया नेहमीपेक्षा अधिक वेळा करावी आणि डॉक्टरांना गाठावे. प्रतिजैविक सुरू करण्याआधी बेडक्याचा नमुना तपासणीस दिल्यास योग्य औषध निवडता येते. खोकला दाबणारे सिरप स्वतःच्या मनाने घेऊ नये. पूर्वी क्षय झालेल्या रुग्णाचे वजन घटू लागले किंवा संध्याकाळी ताप येऊ लागला, तर सरकारी आरोग्य केंद्रात बेडक्याची तपासणी पुन्हा करून घ्यावी. ती मोफत होते.

कफात रक्ताच्या एक-दोन रेषा दिसल्या, तर थापटणे व जोराचे ‘हाऽ’ थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. रक्त त्याहून जास्त पडले, ओठ निळसर झाले, अचानक छातीत कळ येऊन धाप लागली किंवा माणूस बोलताना गोंधळू लागला, तर वाट न पाहता 108 क्रमांकावर फोन करावा. फोनवर पलीकडून बहुधा कन्नडमध्ये विचारणा होते, म्हणून गावाचे नाव, जवळचे देऊळ किंवा बसथांबा आणि रुग्णाचा आजार एवढे कन्नडमध्ये लिहिलेला कागद फोनजवळ ठेवावा आणि तो घरातील प्रत्येकाला एकदा मोठ्याने वाचायला लावावा.