जाहिरातीतली गाडीची कसरत कशी पारखावी

जाहिरातीत एखादी गाडी उंच उडी घेताना दिसली की ‘हे खरे की बनावट’ असा प्रश्न पडतो. तोच प्रश्न ‘ज्या गुणाची जाहिरात चालली आहे, त्या गुणामुळेच हे घडले का’ असा विचारला, तर उत्तर लवकर सापडते. म्हणून जाहिरातीचा दावा आधी एका वाक्यात लिहून काढावा.

मग ती जाहिरात यूट्यूबवर पाव गतीने पाहावी. संगणकावर चित्र थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांच्या कळा दाबल्या की ते एकेका फ्रेमने मागे-पुढे सरकते. उडी आणि जमिनीवर उतरणे ही दोन वेगळ्या शॉटमध्ये दाखवली असतील, तर संशयाला जागा आहे. गाडी खरोखर आदळली असेल तर सस्पेन्शन (चाकांवरची धक्के शोषणारी यंत्रणा) दबते, टायर क्षणभर पसरतात आणि गाडीचे नाक खाली जाऊन पुन्हा उचलले जाते. अर्थात एवढ्यावर निकाल देऊ नये. ‘द मिल’ या कंपनीने २०१६ साली ‘ब्लॅकबर्ड’ नावाची एक सांगाडावजा गाडी पुढे आणली, जिची लांबी-रुंदी बदलता येते. चित्रीकरणात धावते ती हीच आणि तिच्यावर हव्या त्या मॉडेलची बॉडी नंतर संगणकावर चढवली जाते. म्हणजे धूळ खरी, पण गाडी खोटी!

याच्या उलट, सारे काही कॅमेऱ्यासमोर घडूनही दावा खोटा असू शकतो. व्होल्वोच्या १९९० सालच्या अमेरिकी जाहिरातीत एक अजस्र ट्रक ओळीने उभ्या गाड्यांवरून गेला आणि फक्त व्होल्वो शाबूत राहिली. पण तिला आतून लाकूड आणि पोलाद लावून बळकट केले होते, तर इतर गाड्यांच्या छताला आधार देणारे खांब कापून ठेवले होते. निसानच्या फ्रंटियर पिकअपने वाळूच्या टेकडीवर रुतलेली बग्गी (वाळूत चालवायची हलकी मोटार) वर ढकलल्याचे दृश्यही असेच होते: दोन्ही वाहने तारांनी ओढली होती आणि चढ प्रत्यक्षापेक्षा तीव्र भासवला होता. असा चढ तपासताना क्षितिज आणि खांब यांच्याशी त्याचा कोन ताडून पाहावा.

व्होल्वो ट्रक्सच्या २०१३ सालच्या जाहिरातीत मात्र अभिनेता ज्याँ-क्लोद व्हॅन डॅम याने शेजारी-शेजारी रिव्हर्समध्ये धावणाऱ्या दोन ट्रकांच्या आरशांवर पाय फाकवले. त्याच्या सुरक्षेची सोय केलेली होती. तरी दावा स्टीअरिंगच्या अचूकतेचा होता आणि ट्रक तसे खरोखरच चालवले गेले, म्हणून माझ्या मते ही जाहिरात प्रामाणिक ठरते.

शेवटी तळाची बारीक अक्षरे वाचावीत. व्यावसायिक कौशल्याची कसरत नेहमीच्या वाहतुकीत दाखवू नये आणि कसरत दाखवल्यास सहज वाचता येईल अशी सावधगिरीची सूचना द्यावी, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेचे मार्गदर्शक तत्त्व सांगते. पण अशा सूचनेने दाव्याला आधार मिळत नाही. निसानच्या त्या जाहिरातीतही दृश्य काल्पनिक असल्याची ओळ होती, तरी २०१४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेची कारवाई टळली नाही.