अरौकेरियाची फांदी आडवीच वाढतेय? या चुका टाळा

डिसेंबर आला की इंदूरच्या नर्सऱ्यांच्या दारात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मजल्यामजल्यांची हिरवीगार रोपं रांगेत उभी दिसतात. हे नॉरफोक पाइन, म्हणजे अरौकेरिया. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे १४०० किलोमीटरवर, प्रशांत महासागरातलं नॉरफोक बेट हे त्याचं माहेर. बेट जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचं. कुंडीतून हे झाड जगभर पोचलं, पण त्याचं मूळचं रान त्या बेटापुरतंच, आणि तिथेही त्याची गणना धोक्यातल्या जातींत होते. म्हणून एक रोप गेलं तरी मला चुटपुट लागते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कलमात. आमच्या शेजारच्या आजींनी झाडाची बाजूची फांदी कापून कुंडीत खोचली. “अगं, गुलाबासारखीच धरली की!” धरली खरी. तीन वर्षांनी ती कुंडीच्या काठावरून पंख्यासारखी चपटी पसरली होती. आजींनी काठी रोवून सुतळीने उभी बांधली, तरी टोकाचा नवा पोपटी कोंब पुन्हा आडवाच निघाला. या झाडाची बाजूची फांदी मूळ धरल्यावरही फांदीच राहते, खोड होत नाही. सरळ झाड हवं असेल तर कलम शेंड्याचंच हवं.

पण शेंडा कापला की मूळ झाडाचा डौल जातो. त्यामुळे झाड छताला टेकलं असेल, तरच शेंड्याला हात लावा. कापल्यावर खोडावर खाली नवे उभे कोंब फुटतात, त्यांचीही कलमं होतात. पावसाळ्यात दहा-पंधरा सेंटीमीटरचा तुकडा घ्या, मुळं फुटायला मदत करणारी रूटिंग पावडर लावा, वाळू आणि कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचा, वरून प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सावलीत ठेवा. मुळं यायला महिने लागतात. दर आठवड्याला उपटून बघाल तर कधीच यायची नाहीत.

बियांपासून करायचं असेल तर बी ताजं हवं. त्याची उगवणशक्ती फार लवकर जाते, पाकिटात पडून राहिलेल्या बियांवर पैसे घालवू नका.

खालच्या फांद्या तपकिरी पडून गळतात, ही दुसरी तक्रार. गळलेल्या जागी फांदी पुन्हा येत नाही, म्हणून आधीच जपायला हवं. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत पाणी साचतं आणि मुळं कुजतात. नुसती काळी माती कधीच भरू नका, वाळू आणि शेणखत मिसळा. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. उलट एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, गरम वारा सुटतो, तेव्हा गच्चीवरच्या कुंडीतलं झाड दोन दिवसांत करपतं. तेव्हा हिरवी जाळी लावा, नाहीतर पूर्वेच्या ओट्यावर आणा. सकाळचं कोवळं ऊन त्याला पुरतं.

दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर दोन मजल्यांमधलं अंतर वाढतं आणि झाड लुकडं होतं. खिडकीजवळ ठेवा, आठवड्याला कुंडी थोडी फिरवा.

विकत घेताना बुंध्याशी वाकून बघा. कुंडी भरगच्च दिसावी म्हणून पुष्कळदा एकीत तीन-चार रोपं लावलेली असतात. मोठी झाली की ती एकमेकांना खातात. बोटभर जाडीची व्हायच्या आत, पहिला पाऊस पडल्यावर, मातीचा गोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने सोडवा. मुळं नाजूक असतात, माती झटकू नका. नवं रोप घरी करायचा हाच सगळ्यात सोपा मार्ग. माझ्या एका कुंडीतून अशी तीन निघाली, त्यातलं एक आजींना दिलं. ते सरळ वाढतंय, सुतळीची गरज पडलेली नाही.