प्लांटेड टँकमधलं शेवाळ: मराठवाड्याच्या पाण्यात या चुका टाळा

प्लांटेड टँकमध्ये, म्हणजे जिवंत झाडं लावलेल्या माशांच्या टँकमध्ये, शेवाळ धरलं की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. दुकानातून औषधाची बाटली आणतात, नाहीतर सगळा टँक रिकामा करून खडी उन्हात घालतात. पंधरा दिवस बरं दिसतं, मग शेवाळ परत येतं, आणि पुष्कळदा आधीपेक्षा जोमाने. झाडं जोरात वाढत असतील तर शेवाळाला जागा मिळत नाही. झाडं अडली की ते पसरतं. आपल्याकडे झाडं अडतात त्यामागे पाणी, ऊन आणि वीज आहे. म्हणून माझं ठाम मत आहे की आठवड्याला जेवढं पाणी बदलणं तुम्हाला खरोखर जमतं, त्याच हिशोबाने प्रकाश, मासे आणि खाणं ठेवावं.

दिवा दिवसभर चालू ठेवणं

सकाळी उठल्यावर दिवा लावायचा आणि रात्री झोपताना बंद करायचा, ही सवय सगळ्यात आधी मोडा. नव्या टँकला ६ तास पुरतात. झाडं रुळल्यावर ७-८ तास. त्यापुढचा प्रकाश झाडांच्या कामी येत नाही. जास्त वॅटचा एलईडी लावून सीओटू (झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड) न देणं ही तर शेवाळाची शेतीच. सीओटू नसेल तर दिवा मंद करा, किंवा पाण्यावर तरंगणारी झाडं सोडा.

टायमर घेतलाच असेल तर तो कोणता आहे ते बघा. फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो. दुपारी तीन तास लाइट गेली की दिवा तीन तास उशिरा लागतो, पुन्हा गेली की आणखी उशिरा. असं करत करत दिवा मध्यरात्री चालू राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. बॅटरी बॅकअप असलेला डिजिटल टायमर घ्या. खिडकीतून टँकवर थेट ऊन येत असेल तर टँक हलवा. पाणी हिरवंगार होण्यामागे हे कारण हमखास सापडतं.

बाष्पीभवनाची भर म्हणजे पाणी बदलणं, असं समजणं

ही चूक मला सगळ्यात महागात पडणारी वाटते, आणि ती आपल्या भागातच जास्त होते. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि टँकची पातळी बघता बघता खाली येते. आपण बोअरचं पाणी ओतून ती भरून काढतो. पण उडून जातं ते नुसतं पाणी. क्षार, माशांची घाण, त्या घाणीतून तयार होणारं नायट्रेट सगळं मागे राहतं. वरून ओतलेल्या बोअरच्या पाण्यासोबत नवे क्षार येतात. उन्हाळाभर एवढंच केलं तर टीडीएस मीटरवरचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा महिन्यागणिक चढत जातो.

भर घालायला आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. आरओ मशीनच्या बाजूच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते मात्र टँकमध्ये अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात. आठवड्याला ३० टक्के पाणी बदलणं वेगळं आणि ते करावंच लागतं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला हे जिवावर येणार, हे मी समजू शकतो. म्हणूनच टँक लहान ठेवा, मासे कमी ठेवा, आणि काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. झाडांना ते फार मानवतं.

नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येतं अशा घरांत पाणी साठवलेलंच असतं. उघड्या पिंपात ते दोन दिवस राहिलं की त्यातला साधा क्लोरीन बराचसा उडतो. पण टाकीत ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे थेंब टाकले असतील तर ते पाणी सरळ ओतू नका, अँटी-क्लोरीन वापरा. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात, अमोनिया वाढतो, आणि अमोनिया वाढला की शेवाळाला आयतं निमित्त मिळतं.

जड पाण्यात हट्टाने नाजूक झाडं लावणं

बेसॉल्टच्या खडकातून येणारं आपलं बोअरचं पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारांचं, असतं. अशा पाण्याचा पीएच चढा राहतो आणि झाडांना लागणारा मोकळा सीओटू फार थोडा उरतो. लाल रोटाला आणून लावायची, ती कुजायची, आणि कुजलेल्या पानांवर शेवाळ धरायचं, हे चक्र कितीतरी टँकमध्ये दिसतं. त्याऐवजी व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट लावा. ही झाडं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात, म्हणजे जड पाणी यांच्या पथ्यावरच पडतं. पहिल्याच दिवशी भरपूर लावा. चार काड्या लावून वाट बघणं म्हणजे मोकळी जमीन शेवाळाला देणं.

व्हॅलिस्नेरियाच्या पानावर पांढुरकी खरखरीत साय दिसली तर घाबरू नका. बोटात पान धरून चोळा, चुन्यासारखी कणी हाताला लागेल. व्हिनेगरचा थेंब टाकला तर फसफसते. ते शेवाळ नाही, पानाने कार्बन ओढून घेतल्यावर बाहेर बसलेला चुनाच आहे.

खत बंद करून शेवाळ उपाशी मारणं

ऐकायला पटतं, पण होतं उलट. शेवाळाला फार थोडं लागतं, आधी उपाशी मरतात ती झाडं. नायट्रेट अगदी शून्यावर आलं की निळं-हिरवं, पापुद्र्यासारखं निघणारं, कुबट वासाचं आवरण येतं. ते खरं तर शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. काचेवर नखाने न निघणारे हिरवे ठिपके हे पुष्कळदा फॉस्फेट कमी पडल्याचं लक्षण असतं. शेताजवळच्या बोअरच्या पाण्यात मात्र नायट्रेट आधीच भरपूर असू शकतं (पिण्याच्या पाण्याला मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे), म्हणून खत ठरवण्याआधी एकदा टेस्ट स्ट्रिप लावून बघा.

कमी करायचं असेल तर खाणं करा. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका आणि आठवड्यातून एक दिवस माशांना उपवास घडवा. निरोगी मोठ्या माशांना त्याने काही होत नाही.

शेवाळ खाणाऱ्या माशांवर सगळा भार टाकणं

दुकानात बोटभर दिसणारा प्लेको फूटभर वाढतो आणि शेवाळापेक्षा घाण जास्त करतो. चायनीज अल्गी ईटर मोठा झाला की इतर माशांच्या अंगाला चिकटतो. आपल्या जड पाण्यात मोली मजेत राहते आणि धाग्यासारखं शेवाळ कुरतडते. नेराइट गोगलगाय काच साफ ठेवते आणि गोड्या पाण्यात तिची पिल्लावळ होत नाही. तांबं असलेलं शेवाळनाशक या गोगलगाईंना आणि कोळंबीला मारतं, तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका.

काळ्या दाढीशी झोंबाझोंबी

लाकडावर, अनुबियासच्या पानाच्या कडांना काळे आखूड केस येतात. ओढलं तर पान फाटतं, केस तसेच राहतात. हे लाल शेवाळाच्या कुळातलं आहे. अल्कोहोलमध्ये बुडवलं की काळं उतरून लाल रंग दिसतो. सीओटू कधी जास्त, कधी कमी झाला आणि तळाशी घाण साचली की ते येतं. लाकूड बाहेर काढा, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, पाच मिनिटांनी धुऊन परत ठेवा. मेडिकलमध्ये पुष्कळदा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी मिसळा.

सायनोबॅक्टेरियासाठी आधी नळीने पापुद्रे ओढून काढा, मग टँक तीन दिवस कापडाने पूर्ण झाका. हवेचा पंप चालू ठेवा, कारण अंधारात झाडंही ऑक्सिजनच वापरतात आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो. चौथ्या दिवशी निम्मं पाणी बदला. हे काम नळाला पाणी येण्याच्या दिवसाशी जुळवून घ्या.

नव्या टँकमधली तपकिरी धूळ म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. पुसत राहा, काही आठवड्यांत ती आपोआप ओसरते.

बदल केल्यावर महिनाभर थांबा, दर चार दिवसांनी नवा उपाय करू नका. जुन्या पानांवर बसलेली दाढी जाणार नाही. ती पानं देठापासून कापून टाका आणि नवं निघणारं पान स्वच्छ आहे का तेवढं बघा. स्वच्छ असेल तर दिवा, खाणं, पाणी यांतलं काहीही आता हलवू नका.