पुस्तक उलटं असलं तरी वाचू द्या

माझी लेक अडीच वर्षांची असताना एका दुपारी भिंतीला टेकून, पुस्तक मांडीवर उलटं धरून मोठमोठ्याने ‘वाचत’ होती. मी जाऊन ते सुलटं केलं. तिने पुस्तक मिटलं आणि उठून गेली. पुढे कितीतरी दिवस ती माझ्यासमोर वाचायला बसलीच नाही. म्हणून आधी हेच सांगते: मूल खोटं खोटं वाचत असेल तर मध्ये पडू नका. चित्रातलं मांजर डोक्यावर उभं आहे, हे त्याला आज ना उद्या दिसतंच.

आपण फक्त श्रोता व्हायचं. हातातलं काम बाजूला, फोनसुद्धा. फार तर पान उलटताना ‘बापरे, मग?’ एवढं म्हणा. ‘हे कोणतं अक्षर?’ मात्र या वेळी नकोच. गोष्टीची परीक्षा झाली की मूल गप्प बसतं.

कान उघडे ठेवा. एरवी लेक म्हणायची, ‘माऊ पळाली.’ तीच माऊ पुस्तकात शिरली की ‘आणि मग मांजर दूर दूर निघून गेलं’ व्हायची! आवाज बदलायचा, वाक्य संपलं की ती थांबायची. पुस्तकातली भाषा बोलण्याहून निराळी असते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज ऐकून ऐकून ते तिच्यात उतरलं होतं. ‘नुसतं पाठ केलंय’ म्हणून हे उडवून लावू नका.

मग बोटाकडे बघा. पुस्तकाची सुरुवात कुठली, ओळ संपली की कुठे जायचं, हेही मुलाला नव्यानेच कळायचं असतं. मुलं वाचायला कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी तर एवढ्याच गोष्टी तपासण्यासाठी १९७२ साली एक खास छोटं पुस्तक काढलं. त्यात काही मजकूर मुद्दाम उलटा छापला होता. लेकीचं बोट आधी चित्रांवरच फिरायचं. नंतर ते शिरोरेघेवर आलं, आणि घसरगुंडीवरून यावं तसं रेघेवरून सरकायला लागलं. एकदा मध्येच थबकलं. ‘आई, रेघ तुटली.’ दोन शब्दांमधली मोकळी जागा तिने अशी शोधली. मी एवढंच म्हटलं, ‘हो, इथे एक शब्द संपला.’ त्या दिवसापासून वाचून दाखवताना मी शब्दांखालून सावकाश बोट फिरवायला लागले. मुद्दाम ‘बघ बघ’ म्हणायची गरज पडत नाही.

तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं तर तेच वाचा आणि शब्द बदलू नका. रोज तेच ऐकू आलं, तरच मुलाला त्यावर भरवसा ठेवता येतो. एका रात्री झोप अनावर झाली म्हणून मी एक ओळ गाळली. लेकीने माझं बोट धरलं आणि गाळलेल्या ओळीवर परत नेऊन ठेवलं.