सात लिव्हरचं कुलूप आणि काडेपेटीच्या काड्या: घर बंद करताना या चुका टाळा

कुलूप क्वचितच तुटतं, उखडतो तो कोयंडा. पेपरात सारखं 'कडीकोयंडा तोडून' असं छापून येतं, तरी माणसं दुकानात जाऊन कुलपाचंच वजन हातात तोलून बघतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही ग्रील-दरवाजाच्या कामाला गेलो तरी हेच.

अमळनेरच्या एका रिटायर्ड मास्तरांनी शिरपूरला लग्नाला जाताना सात लिव्हरचं कुलूप लावलं होतं. एका रात्रीपुरतं घर बंद. सकाळी कोयंडा ओट्यावर पडलेला आणि कुलूप त्यातच, बंद! मास्तर मला म्हणाले, "कुलूप ते तसंच शे भाऊ!" चौकट उदईनं पोखरलेली. मागे कधीतरी स्क्रू ढिले झाले, तेव्हा कुणीतरी भोकांत काडेपेटीच्या काड्या ठोकून तेच अर्ध्या इंचाचे स्क्रू परत पिळले होते. टॉमीचा, म्हणजे लोखंडी पहारीचा, एक हिसका पुरला.

मी कोयंड्याला स्क्रू लावतच नाही. आरपार बोल्ट, गोल डोकं बाहेर, आतून मोठा वॉशर आणि नट. चौकट पोकळ वाजली तर आधी सुताराला बोलवा, मग मला. यावर गिऱ्हाईक म्हणतं, 'सध्या चालेल असं करून द्या, संध्याकाळची गाडी आहे.' अशा वेळी मी हत्यारं पिशवीत भरतो. जमत असेल तर इंटरलॉक, म्हणजे दाराच्या आतच बसणारं कुलूप, बसवा. बाहेर कुलूप लोंबत नसलं की घरात कुणी नाही हे रस्त्यावरून कळत नाही.

दुसरी चूक आपल्या खान्देशाची खास. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर गेला की कूलर खिडकीत बसवायला ग्रीलच कापतात. कटर मशीन घेऊन येणारा पोरगा दहा मिनिटांत चार गज उडवून देतो आणि पैसे घेऊन जातो. पुढे काय? पत्र्याचा कूलर स्टँडवरून ओढला की माणूस सहज आत जाईल एवढं भगदाड. दिवाळीत कूलर माळ्यावर जातो आणि त्या जागी प्लायवूडचा तुकडा, तोही दोन खिळ्यांवर. ग्रील कापू नका. कूलर ग्रीलच्या बाहेर स्टँडवर ठेवा, गजांमधून हवा येते. 'कमी लागते' म्हणणाऱ्यांनी बाहेरून कूलरसकट झाकणारी पेटी-ग्रील करून घ्यावी आणि ती भिंतीत खोल रोवावी. खर्च आहे, पण तेवढ्यासाठी घासाघीस करणारेच कूलरवर हजारो रुपये घालतात.

उन्हाळ्यातलंच अजून एक: जिना बाहेरून असतो आणि खालचं दार नुसतं लोटून अख्खं घर गच्चीवर झोपायला जातं. 'आम्ही वरच तर आहोत ना!' दिवसभर भाजलेल्या माणसाला पहाटेच्या गार वाऱ्यात खालचं काही ऐकू येत नाही. दाराला कुलूप घालून किल्ली उशाशी घ्या.

तुळशीवृंदावनात, मीटरच्या पेटीत, चपलांच्या रॅकमध्ये किल्ली ठेवू नका. या जागा सगळ्यांना माहीत आहेत. कपाटाची किल्ली कपाटावरही नको.

कॅमेरे लावता आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, टीव्हीखाली ठेवता. चोर जाताना तोच उचलून नेतो. तो माळ्यावर बंद पेटीत ठेवा, पेटीला हवेसाठी भोकं पाडून.

कापसाचे पैसे आले की तसेच डब्यात. सोनंही घरातच. बँकेच्या लॉकरची सोय असूनही 'लग्नात लागेल' म्हणून ते कपाटात राहतं. लॉकरचा नियमही माहीत असू द्या: बँकेच्या चुकीनं तिथे चोरी झाली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. तरी मी कपाटापेक्षा लॉकरच निवडेन. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या मात्र वेगळ्या ठेवा.

प्रवासाचं स्टेटस परत आल्यावर टाका. शेजारच्या काकूंना मात्र जाण्याआधी सांगून जा.

आणि घरफोडी झालीच, तर आवराआवर करू नका. बायामाणसं विस्कटलेले कपडे घडी करून ठेवतात, पुरुष उखडलेला कोयंडा हातात घेऊन गल्लीभर दाखवत फिरतात, आणि ठसे जातात. बाहेर थांबा, ११२ लावा, पंचनामा होईपर्यंत कपाटाला हात लावू नका.